एक विद्यार्थी, दोन हजेरीपट

गळीत हंगाम आटोपून कारखान्याचा भोंगा शांत झाला की सभासदांच्या घरात दुसराच हंगाम सुरू होतो. दहावी-बारावीचे निकाल लागतात. पोराला सायन्सला घालायचे की कॉमर्सला, मुलीला तालुक्याच्या कॉलेजात ठेवायचे की पुण्याला पाठवायचे, खोली मिळेल का, मेसचे किती पडतील, याच गोष्टी गट ऑफिसच्या कट्ट्यावर चालतात. ऊसबिलाचा पुढचा हप्ता अजून हातात पडायचा असतो आणि फीचे आकडे मात्र तोंडपाठ झालेले असतात. पुष्कळ घरांतून शेवटी निकाल लागतो तो असा, की थोरला शहरात जातो आणि धाकटी घरी राहते.

या खर्चाचा आणि या अंतराचा विचार दुसरीकडे कोणी कसा केला, याची एक हकिकत आम्ही आज सभासदांपुढे ठेवणार आहोत. ती अमेरिकेतली आहे. अमेरिकेचे नाव काढताच "तिकडचं काय सांगता, तिकडं पैशाला काय तोटा" असे म्हणणारे सभासद आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी थोडा धीर धरावा. ही गोष्ट साखरेच्या मुलखातली आहे, सहकारी कारखान्याच्या गावची आहे आणि तिच्यात पैशाची ओढाताण आपल्याइतकीच आहे.

मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या मधून रेड रिव्हर नावाची नदी उत्तरेकडे वाहते. दोन्ही तीरांवर सपाट काळी जमीन आणि तिच्यात साखरेचे बीट. हे बीट म्हणजे आपल्या कोशिंबिरीतले तांबडे बीट नव्हे. ते पांढरे, रताळ्यासारखे थोराड असते. अमेरिकेत तयार होणाऱ्या साखरेत निम्म्याहून जास्त वाटा या बीटचा आहे. तेथील अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी पूर्वी भांडवलदारांची होती. १९७३ साली बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनीच ती विकत घेतली, तिची सहकारी संस्था केली आणि तिचे मुख्य कार्यालय डेन्व्हर शहरातून आपल्या मुलखात, मूरहेड गावी आणले. शेअरमागे ठरलेल्या एकरात बीट लावण्याचा हक्कही आहे आणि बंधनही आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणी लागते, रात्रंदिवस ट्रक चालतात, आणि थंडी इतकी की बीटचे डोंगर उघड्यावर गोठवून ठेवून पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गाळप चालवतात. आपल्याकडे तोडलेला ऊस दोन दिवस वाळला तर उतारा पडतो. तिकडे निसर्गानेच शीतगृह बांधून दिले आहे.

त्या मुलखात गावे लहान आणि लांब लांब आहेत. गावाला एक हायस्कूल. हायस्कूल म्हणजे तिकडे बारावीपर्यंतची शाळा, हे सभासदांनी लक्षात ठेवावे. शेवटच्या दोन इयत्तांत मिळून कधी कधी पन्नास पोरेही नसतात. एवढ्या पोरांसाठी वरच्या गणिताचा किंवा रसायनशास्त्राचा वेगळा शिक्षक कोणती शाळा ठेवणार? हुशार मूल अकरावीतच शाळेत शिकवण्यासारखे सारे शिकून बसते आणि पुढची दोन वर्षे नुसती हजेरी लावते.

मिनेसोटाने १९८५ साली एक कायदा केला. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला, त्याची तयारी असेल तर, शाळेत नाव ठेवूनच कॉलेजात जाऊन विषय शिकता येईल. पास झाला तर तो विषय शाळेच्या दाखल्यावर चढेल आणि कॉलेजच्या पदवीतही जमा धरला जाईल. फी नाही, पुस्तकांचा खर्चही नाही. तो राज्य सोसणार. कमी उत्पन्नाच्या घरातले मूल असेल तर शाळा ते कॉलेज जाण्यायेण्याचा खर्चही परत मिळण्याची सोय आहे. असा कायदा करणारे अमेरिकेतले ते पहिले राज्य. त्या वेळी राज्याचे प्रमुख होते रूडी पर्पिच, आणि विधिमंडळात हा कायदा पुढे नेणाऱ्या बहुमताच्या नेत्या कॉनी लेव्ही या विरुद्ध पक्षाच्या होत्या. आपल्या तालुक्यात असे कधी घडते का, हे आम्ही विचारत नाही.

या पद्धतीला तिकडे जे नाव आहे त्याचा अर्थ दुहेरी नोंदणी. एक विद्यार्थी, दोन हजेरीपट.

ज्या कॉलेजांशी शाळांचा हा संबंध जुळतो ती मुख्यतः कम्युनिटी कॉलेजे. त्यांची ओळख करून दिलीच पाहिजे, कारण नावाचा घोटाळा होतो. पूर्वी त्यांना ज्युनिअर कॉलेज म्हणत. आपल्याकडे १९७५ साली दहावीचा नवा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीला आपण ज्युनिअर कॉलेज म्हणू लागलो. तिकडचे ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची पहिली दोन वर्षे. फी कमी, मार्कांची चाळणी नाही, येईल त्याला दार उघडे. दिवसा काम करून संध्याकाळी शिकणारा, वेल्डिंग शिकणारा, नर्स होणारी, आणि दोन वर्षांनंतर मोठ्या विद्यापीठात जाणारा, असे सगळे तेथे एका छपराखाली. यातले सर्वांत जुने सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावचे. १९०१ साली ते सुरू झाले तेव्हा त्यात सहा विद्यार्थी होते आणि वर्ग भरत होते तिथल्या हायस्कुलातच. म्हणजे हे कॉलेज मुळात हायस्कुलाच्या पोटातच जन्मले. आज देशात अशी कॉलेजे हजाराच्या आसपास आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. पैसा कुणाचा?

सभासदांपैकी जे शाळेच्या संस्थेवर आहेत त्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडे पट कमी झाला की तुकडी जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो. तिकडेही तेच. राज्य शाळेला पैसा देते तो मुलांच्या डोक्यांवर. मूल अर्धा दिवस कॉलेजात जाऊ लागले तर त्याचा पैसा कुणी घ्यायचा? शाळेने म्हणायचे, नाव आमच्या पटावर आहे, आमची बस आणते, आमचे छप्पर आहे. कॉलेजने म्हणायचे, शिकवतो आम्ही. मिनेसोटाने ठरवले की पैसा मुलाच्या मागे जाईल. कॉलेजात घेतलेल्या विषयांच्या मानाने शाळेच्या अनुदानातून मोठा हिस्सा कापायचा, आणि कॉलेजला राज्याने ठरलेल्या दराने द्यायचे. साहजिकच शाळांनी आणि शिक्षकांच्या संघटनांनी विरोध केला. चांगली पोरे कॉलेजात आणि त्यांच्याबरोबर पैसाही! कायद्यात एक अटही होती, की कॉलेजांनी "आमच्याकडे आलात तर पैसे वाचतील" असे सांगून मुलांना ओढू नये. सोय फुकट, पण फुकट आहे असे बोलायचे नाही! ती बंदी २०१४ साली उठली.

पण या कात्रीतून एक चांगली गोष्ट निघाली. पोरे आणि पैसा हातचा जाऊ नये म्हणून हायस्कुले कॉलेजांशी करार करू लागली. कॉलेजचा विषय शाळेतच शिकवायचा. शिकवणारा शाळेचाच शिक्षक. कॉलेजचा प्राध्यापक त्याला मार्गदर्शन करणार, अभ्यासक्रम आणि परीक्षेचा दर्जा तपासणार. गुण जमा होणार कॉलेजच्या खात्यावर. मूल गावात, शिक्षक गावात, बससुद्धा नको. दूरच्या गावांना हीच रीत परवडणारी. यासाठी कॉलेज शाळेकडून काही रक्कम घेते, आणि तिचा भार उचलायला राज्याने शाळांसाठी अनुदान ठेवले: एका विषयाला एका विद्यार्थ्यामागे जास्तीत जास्त १५० डॉलर. "जास्तीत जास्त" हे शब्द वाचून आपले सभासद हसतील. कारण मंजूर रक्कम ठरलेली. वाटेकरी वाढले की वाटा घटतो. पोरे जितकी जास्त शिकतील तितके एकेकाच्या वाट्याला कमी. कागदावरचा दर आणि हातात पडणारा हप्ता यांतले अंतर ऊस उत्पादकाला समजावून सांगायला नको.

एवढ्यावरही गाडी चालली होती. २०१५ साली तिला खीळ बसली.

आपल्याकडे कॉलेजांचा दर्जा तपासायला नॅक आहे, तशी तिकडे हायर लर्निंग कमिशन नावाची संस्था आहे. तिचे ठाणे शिकागोत. तिने स्पष्ट केले की कॉलेजचा विषय शिकवणारा कुठेही शिकवो, कॉलेजात वा हायस्कुलात, त्याची पात्रता कॉलेजच्या प्राध्यापकाइतकीच पाहिजे. म्हणजे त्या विषयातली एम.ए. किंवा एम.एस्सी.; किंवा दुसरी कोणतीही पदव्युत्तर पदवी असेल तर वर त्या विषयातली पदव्युत्तर पातळीची १८ क्रेडिटे. तीन क्रेडिटांचा एक विषय धरला तर सहा विषय. मुदत दिली २०१७ पर्यंतची.

नियम वाचायला कोणालाही पटेल. दर्जा हवाच. पण खेड्यातल्या मास्तरांची स्थिती काय होती? पुष्कळांनी पदव्युत्तर पदवी घेतलेली होती, पण ती शिक्षणशास्त्रातली. आपल्या भाषेत सांगायचे तर एम.एड. झालेले, विषयात एम.ए. नाही. पगारवाढ त्यावर मिळत होती आणि शाळेला त्यात अडचण नव्हती. वर्षानुवर्षे कॉलेजचे इंग्रजी शिकवणारे, ज्यांच्या हाताखालची पोरे पुढे विद्यापीठात टिकली असे शिक्षक एका परिपत्रकाने अपात्र ठरू पाहत होते. शहरातली शाळा दुसरा शिक्षक आणील. पन्नास पोरांच्या गावात दुसरा कुठून आणायचा? तो मास्तर बसला की तो वर्ग बंद, आणि तो वर्ग बंद की पोराने बर्फातून पन्नास-साठ मैल जायचे नाहीतर नाद सोडायचा. नियम सगळ्यांना सारखा होता, फटका मात्र एकाच बाजूला बसत होता.

येथे राज्याचे अनुदान खऱ्या अर्थाने कामाला आले, आणि नेमके बीटच्या मुलखात आले. तिकडच्या शाळांच्याही प्रादेशिक सेवा-सहकारी संस्था आहेत; एकेकटीला न परवडणारी कामे शाळा त्यांच्यामार्फत एकत्र करतात. फर्गस फॉल्स गावची लेक्स कंट्री सर्व्हिस कोऑपरेटिव्ह ही त्यांतली एक. तिने मूरहेडचे विद्यापीठ आणि त्या भागातली दोन वर्षांची कॉलेजे यांच्याशी हातमिळवणी केली. २०१५ साली विधिमंडळाने या कामासाठी ३० लाख डॉलर मंजूर केले. आपल्या आजच्या रुपयांत पंचवीस कोटींच्या वर. त्यातून इमारत उभी राहिली नाही, कोनशिला बसली नाही. मूरहेडच्या विद्यापीठाने पदव्युत्तर विषय दूरस्थ पद्धतीने, संगणकावरून चालवले आणि शिक्षकांची फी या पैशातून भरली. दिवसभर वर्गात शिकवणारे मास्तर आणि बाई रात्री घरी बसून पुन्हा विद्यार्थी झाले. या योजनेचे नावच पडले "एटीन ऑनलाइन". अठरा क्रेडिटे, घरबसल्या.

अठरा क्रेडिटे म्हणजे नोकरी सांभाळून दोन-तीन वर्षांचे काम. मुदत पुरेना. मग राज्यांच्या विनंत्यांवरून ती २०२२ पर्यंत वाढवून मिळाली, आणि साथीच्या काळात आणखी पुढे गेली.

हे सांगताना आम्ही एवढा वेळ घेतला, कारण अनुदान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आरसीसीचे बांधकाम येते. शाळा आणि कॉलेज यांची भागीदारी करारावर सह्या झाल्या म्हणजे चालू होत नाही. ती एका शिक्षकाच्या पात्रतेवर अडते, एका वेळापत्रकावर अडते. शाळेचा तास पंचेचाळीस मिनिटांचा आणि कॉलेजचा दीड तासाचा असला तर कोणी कोणाचा बदलायचा, यावरही अडते. तिथे थोडा पैसा लागतो आणि तो नेमका तिथेच लागतो.

दुसऱ्या राज्यांनी दुसऱ्या वाटा काढल्या. आयडाहो हेही बीटचे राज्य. तिथला अमाल्गमेटेड शुगर हा साखर उद्योग १९९७ साली शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने घेतला. त्या राज्याने २०१६ साली संस्थांऐवजी मुलाच्याच नावावर रक्कम ठेवायचे ठरवले. सातवीपासून बारावीपर्यंत प्रत्येकाच्या नावे ४,१२५ डॉलर. त्यातून कॉलेजच्या विषयांची आणि परीक्षांची फी भागवायची. हिशेब सोपा. पण हा पैसा खर्चायला गावात तो वर्ग असावा लागतो आणि मुलाला कोणीतरी "हे घे" असे सांगणारा असावा लागतो. शिकलेल्या आईबापांची मुले आपोआप पुढे सरकतात. बाकीच्यांच्या नावचा पैसा तसाच राहण्याचे भय.

कॅलिफोर्नियाने याच भयावर बोट ठेवले. २०१५ साली तिथे ख्रिस होल्डन या आमदारांनी मांडलेला कायदा मंजूर झाला. त्याचा रोख हुशार मुलांवर नव्हता. जी मुले कॉलेजला जातील असे कोणी धरतच नाही, ज्यांच्या घरात कॉलेज पाहिलेले माणूस नाही, अशांसाठी शाळा आणि कम्युनिटी कॉलेज यांनी करार करावा, असे त्यात लिहिले. एरवी तेथील कॉलेजची फी क्रेडिटमागे ४६ डॉलर. या मुलांना ती माफ. एका सत्रात चार विषयांपर्यंत, १५ क्रेडिटांपर्यंत मुभा. करार जाहीर सभेत, लोकांसमोर मंजूर करायचा. एकाच तासाचे अनुदान शाळेने आणि कॉलेजने दोघांनी उचलायचे नाही. आणि शारीरिक शिक्षणाचा विषय या करारात घ्यायचा नाही. ही शेवटची अट वाचून आम्हालाही हसू आले, पण तिच्यात व्यवहार आहे. नाहीतर पट फुगवायला खेळाच्या मैदानाइतकी सोयीची जागा कोणती?

सात वर्षांनी, २०२२ साली, त्याच राज्याने या भागीदारीसाठी २० कोटी डॉलरचे एकवेळचे अनुदान ठेवले. शाळेतच कॉलेज चालवण्याची पूर्ण योजना आखणाऱ्यांना अडीच लाख डॉलरपर्यंत, नुसता करार उभा करणाऱ्यांना एक लाखापर्यंत. ज्यांनी अनुदानाचे शिक्षक पाहिले आहेत त्यांना "एकवेळचे" या शब्दाची ठेच लागेल. पहिल्या वर्षी समन्वयक नेमला, पोरांना सल्ला द्यायला माणूस ठेवला. तिसऱ्या वर्षी त्याचा पगार कोणी द्यायचा?

आज सबंध देशात सुमारे २५ लाख शाळकरी मुले अशी दोन पटांवर आहेत. हा आकडा २०२२-२३ सालचा. कम्युनिटी कॉलेजांत पाचातला एक विद्यार्थी हायस्कुलातला असतो.

सगळे गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. सोळा वर्षांच्या पोराने कॉलेजच्या विषयात गटांगळी खाल्ली तर तो नापासाचा शिक्का कॉलेजच्या कायमच्या नोंदीत राहतो. शाळेची चाचणी नव्हे ती. दुसऱ्या राज्यातले किंवा खाजगी विद्यापीठ ही क्रेडिटे धरीलच असे नाही. धरली तरी ती पदवीला लागणाऱ्या विषयात न धरता नुसती "इतर" म्हणून बाजूला टाकते. आणि सगळीकडे पाहिले तर काळ्या आणि स्पॅनिश भाषिक घरांतली मुले या वर्गांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमीच आहेत. कायदा झाल्याने दार उघडते, पण उंबऱ्यापर्यंत कोण पोचते हा निराळा प्रश्न.

आता आपल्याकडे. २०२३ साली केंद्राने राष्ट्रीय क्रेडिट चौकट जाहीर केली. पाचवीपासून पीएच.डी.पर्यंतचे शिक्षण एकाच मापाने मोजायचे, शाळेतले, कॉलेजातले आणि आयटीआयसारखे हातकामाचेही, अशी तिची कल्पना. म्हणजे माप ठरले. सहकारी कारखान्यांच्या आवारात वा आसपास हायस्कूल, कॉलेज, पुष्कळ ठिकाणी तंत्रनिकेतनही उभे आहे. टनामागे कापलेल्या शिक्षण निधीतून त्यांच्या भिंती चढल्या. एकाच कंपाउंडात बारावीचा वर्ग आणि पदवीची प्रयोगशाळा असताना बारावीच्या पोराने त्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायचे नाही, ही आपली रीत. पोर आत गेले तर त्याचा तास कोणत्या पटावर लागणार आणि शिकवणाऱ्याचा पगार कोण देणार, हे ठरवणे त्या चौकटीचे काम नव्हे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत शिक्षण निधीचा विषय येईल तेव्हा नव्या इमारतीचा आकडा वाचला जाईल. सभासदांनी तो जरूर ऐकावा आणि जोडीला दोन गोष्टी विचाराव्यात. आपल्या हायस्कुलातल्या किती शिक्षकांपाशी विषयातली पदव्युत्तर पदवी आहे? आणि ज्यांच्यापाशी नाही त्यांना ती घ्यायला किती पैसे लागतील?

मूरहेडकडची बातमी सांगायची राहिली. शिकागोच्या त्या संस्थेने २०२३ साली आपला नियम सैल केला. शिक्षकाची पात्रता कशी ठरवायची ते कॉलेजांनीच पाहावे, असे म्हटले. म्हणजे ज्या अठरा क्रेडिटांसाठी एवढी धावपळ झाली ती सक्ती उरली नाही. पण तोवर रात्री जागून अठरा क्रेडिटे पुरी केलेले शिक्षक आपापल्या हायस्कुलांत शिकवत होते.